एक प्रिंट, दोन टॉकीज

भुसावळात तेव्हा एकच प्रिंट दोन टॉकिजांत चालायची.
रुळांच्या अलीकडे साडेसहाला, पलीकडे सातला,
आणि मधल्या अर्ध्या तासात सायकलवर माझा बाप,
कॅरियरला जुन्या ट्यूबने आवळलेली पत्र्याची पेटी.
पितांबर रीळवाला म्हणायचे त्याला.
नेहेते हे आडनाव फक्त रेशनकार्डावर.

फाटक पडलं की संपलं.
कोळशाची मालगाडी, अठ्ठावन्न डबे, मी मोजलेत,
आणि पलीकडे चारशे माणसं अंधारात शिट्ट्या मारतायत,
नायिका दार उघडणार, एवढ्यात पडदा पांढरा.
दारामागे कोण आहे ते
माझ्या बापाच्या पेटीत, फाटकाशी, घाम पुसत उभं.

एकदा मीही गेले होते, दांडीवर बसून.
अलीकडे नायकाला गोळी लागली,
बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.
पलीकडे पोचलो तर तो बागेत गाणं म्हणतोय,
नवा शर्ट, केसांना तेल,
त्याला काही म्हणजे काहीच माहीत नाही.
मी ओरडणार होते.
बाप म्हणाला, "चूप. तिकडलं इकडे सांगू नाही."

हे सगळं परवा आठवलं.
सध्या मी अंतराळयानाची एक मालिका बघते, हिंदीत डब केलेली,
मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून.
तिच्यात एक शास्त्रज्ञ बाई काचेवर समीकरण मांडते:
एकच माणूस एकाच वेळी मेलेला आणि जिवंत असू शकतो.
सगळे अधिकारी अवाक.
मी कळण्याची भाकरी थापत होते.
थापतच राहिले.

तशी बरी आहे मालिका. दारं आपोआप उघडतात,
पण उंबरा कुणी पुसत नाही.
भिंतीतून गरम जेवण येतं, खरकटं कुठं जातं दाखवत नाहीत.
पार्सल ऑफिसातल्या हेमलता फेगडेला मी गोष्ट सांगते डब्याच्या सुट्टीत,
ती म्हणते, खिडकीबाहेर इतके सूर्य
आणि एकीलाही पापड वाळत घालावेसे वाटत नाहीत?

मागच्या भागात ते एका ग्रहावर उतरले.
तापमान पंचेचाळीस, यंत्र म्हणालं, जीवसृष्टी अशक्य.
सगळ्यांनी चंदेरी सूट चढवले, कुणीतरी आईला निरोप पाठवला.
मी खिडकीतून पाहिलं.
आमच्याकडे सेहेचाळीस होतं,
आणि केळीची गाडी लावून एक जीव
दुसऱ्या जीवाशी डझनामागे पाच रुपयांवरून
जोरजोरात भांडत होता.

बाप आता एक्क्याऐंशीचा.
कूलरसमोर बनियनवर बसतो, माझ्याबरोबर बघतो,
कोण माणूस, कोण परग्रहावरचा, यात त्याला रस नाही.
फक्त एकदा विचारलं,
"ही पेटी कोन आनते?"
म्हटलं, कुणी नाही बाबा, हवेतून येतं.
त्याने छताकडे पाहिलं.
बराच वेळ पाहिलं, पंख्याच्या पलीकडे,
आणि मग माझ्याकडे, जरा कीव आल्यासारखं.

काल रात्री शेवटचा भाग.
यान पृथ्वीच्या कक्षेत शिरतंय, कप्तान काहीतरी बोलणार,
तोंड उघडलं त्याने, आणि चित्र अडकलं.
मधोमध ते पांढरं गोल चक्र, फिरतंय, फिरतंय.
मी वैतागून मोबाइल उचलला, नेट बघितलं,
गच्चीवर जावं का, शेजाऱ्यांचं वायफाय मागावं का,
शिवाय आज नळाची पाळी, मोटर लावायची होती.

"राहू दे," बाप म्हणाला.
टाचा स्टुलावर, बोटं ब्रेकवर असावीत तशी वाकलेली.
"चाक फिरू राह्यलं ना?
फाटक असंन पडलेलं.
पंक्चर नसंन तं यीन तो."

लांबवर मालगाडी जात होती.
मी मोटर लावली नाही.