मारुती दिसेना

रात्री अपग्रेड केलं, सकाळी दुतोंड्या मारुती दिसेना.
क्षेमकल्याणींचा फोन साडेसहाला:
"तुझ्या कॅमेऱ्यात नुसतं काळं आहे रे.
गंगापूरचं पाणी सोडलंय म्हणतात,
माझी पोती तळघरात."

तळहाताएवढा बोर्ड,
फरसाणाच्या डब्यात, नदीकडच्या खिडकीत.
तीन पावसाळे बिनबोभाट चालला.
आता म्हणतो, कॅमेरा सापडला नाही.
सापडला नाही!
समोर लटकतोय की, रिबनच्या शेपटीला.

रिबन काढली, फुंकर मारली, खोचली.
निळी बाजू कुठे, यावर दोनदा चुकलो.
जुनी कमांड टाकली.
अशी कमांडच नाही म्हणाला,
बँकेतला नवा कारकून म्हणतो तसं,
असं खातंच नाही.

सेटिंगची फाइल
नव्या फोल्डरात राहायला गेली होती.
मी तासभर जुन्या पत्त्यावर
दुरुस्त्या टाकत बसलेला.

तोवर फोन. भांडी बाजार, सराफ बाजार, पुन्हा भांडी बाजार.
"घोट्याला का गुडघ्याला?"
खिडकीतून वाकून सांगायचो: गुडघ्याला.
मग: मांडीला, बहुतेक.
बहुतेक कोणाला चालत नव्हतं.

साडेनऊला योग्य फाइल, एक ओळ, रीबूट.
चित्र आलं.
उलटं.
फिरवायची ओळ जुन्या घरीच राहिलेली.
वर तपकिरी गोदावरी, आभाळभर,
आणि तिच्यातून खाली लोंबणारा मारुती,
शेंदूर ओला.

ओळ शोधतोय तोच फोन:
"दिसला रे. मोबाइल उलटा धरलाय.
कंबर.
पोती काढतो."