किरकोळ

पतपेढीत बावीस वर्षं मी लोकांच्या अर्जांवर
लाल पेन्सिलीनं लिहीत आले : अंदाजपत्रक अपुरे.
स्वतःच्या घराचं अंदाजपत्रक मात्र
दोनशेपानी वहीत, एका रविवारी, जेवणं झाल्यावर उरकलं.
बेचाळीस लाख. खाली दोन रेघा.

मनोरीत आमची जागा खाडीच्या अंगाला.
डिमेलो इंजिनियर म्हणाला होता, पाच फुटांवर मुरूम लागेल.
पाच फुटांवर चिखल लागला, आठवर शिंपले,
अकरा फुटांवर खारं पाणी,
आणि गुडघाभर पाण्यात उभा अंकुश मिस्त्री, जालन्याकडचा,
मान वर करून म्हणतो,
"ताई, तुमचा समुद्र तर खालूनबी येतो की."
त्या एका वाक्याचे साडेतीन लाख झाले.
पंप दिवसाला नऊशे, डिझेल वेगळं.

समोर मार्वे दिसतं, हाक मारली तर कुणी ओ देईल,
पण सिमेंटचा ट्रक उत्तनवरून फिरून येतो.
त्या वळशाचंही भाडं.
"घर पाहावं बांधून," शेजारचा गॅस्पर म्हणतो,
आणि रोज कुंपणाला टेकून
फुकटात आमचं पाहतो.

वहीत रकाने आखले होते : पाया, भिंती, छप्पर, नळ, वीज.
सगळ्यात शेवटी, समासाला चिकटून, बोटभर रुंदीचा :
किरकोळ.
आता बाकीचे रकाने त्याच्याकडे पोटभाडेकरू आहेत.
चोरीला गेलेली मोटर त्यात. वॉर्ड ऑफिसच्या अकरा फेऱ्या त्यात.
मिस्त्रीच्या पोरीच्या वह्यापुस्तकांना दिलेले दोन हजार,
ते परत मागायचे नाहीत, म्हणून तेही त्यात.

रात्री हरेश्वर उशीखालून टाइल्सचा कॅटलॉग काढतो.
"फक्त सत्तावीस रुपयांचा फरक आहे," म्हणतो.
मग दिवा घालवून, कुशीवर वळून, भिंतीला सांगतो,
"चौरस फुटाला."

साडेतीन लाखांवर आम्ही भांडलो नाही.
मोठ्या आकड्यापुढे माणसं
गाभाऱ्यात उभी राहावीत तशी गप्प राहतात.
भांडलो ते मोरीच्या कडीवरून, पितळी की स्टीलची,
दोनशे दहा रुपये, तीन दिवस अबोला.
चौथ्या दिवशी त्यानं पितळी आणली
आणि स्टीलचीच आणली असं वहीत लिहिलं.
अक्षर त्याचं, बेरीज चुकलेली.
मी ती चूक तशीच पुढच्या पानावर ओढली.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

खोडायला बसलो. गॅलरी गेली. सागवानी दार गेलं.
वरची खोली गेली, तिची पूर्वेची खिडकी गेली,
खिडकीशी ठेवायचं माझं शिलाई मशीन
भावाकडे गोरेगावला, माळ्यावर, चादरीत.

शेवटी माझ्याच पतपेढीत गेले.
माझ्या खुर्चीत आता अन्विता म्हणून मुलगी बसते.
तिनं कागद दोनदा वाचले, पाणी मागवलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मॅडम, अंदाजपत्रक..."
"अपुरं आहे," मी म्हटलं. "लिही."
तिची लाल पेन्सिल बोथट होती.
खण कुठला ते मला ठाऊक. टोकयंत्र काढलं,
टोक करून दिलं.

एकोणसाठ लाख. दोन रेघा अजून मारलेल्या नाहीत.

स्लॅबमधून बारा सळया वर आल्यात, वरच्या खोलीच्या,
गंजू नयेत म्हणून सिमेंटचं पाणी मारलेल्या.
हरेश्वर त्यांवर टॉवेल वाळत घालतो.
संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन बसतो,
खोलीत शिरताना तो चपला काढतो.
"खिडकी जरा मोठीच झाली," म्हणतो.
मी म्हणते, पडदा लागेल.
आणि दोघंही पटकन गप्प होतो,
पडद्याचा दर मनात येऊन.

परवा वही भरली.
नाक्यावरून नवी आणली, पंचावन्न रुपये.
कुठल्या रकान्यात मांडायचे
ते कुणाला विचारावं लागलं नाही.