आठवीची दोरी

वरून पत्रक आलं:
नैसर्गिक संसाधनांचे संवर्धन, प्रकल्प, गुण वीस,
सुवाच्य अक्षर, सजावट, शक्यतो प्रतिकृती.
मुलांनी लगेच विचारलं, बाई, थर्मोकोल किती आणायचा?

म्हटलं, नको. दोरी आणा.

काथ्याची दोरी सर्वदाच्या काकाने दिली,
होडीची, जुनी, बांगड्यांचा वास मारणारी.
हातहातावर गाठ मारायची ठरली,
मग हात कुणाचा यावर भांडण.
शेवटी आग्नेलचा घेतला,
कारण तो फार लांबही नव्हता
आणि आग्नेल त्या दिवशी चक्क हजर होता.
टोकाला चिऱ्याचा तुकडा.
झालं आमचं उपकरण.

दर शुक्रवारी शेवटचे दोन तास
कोरगावातल्या सतरा बांयी.
मी घाटावरची, विहीर म्हणायचे;
फेब्रुवारीपर्यंत माझीही बांय झाली.
पुस्तकात भूजल निळ्या शाईचं असतं,
बाण खाली जातात, प्रश्न सोडवा.
इथे वाकून बघायचं, अंधारात
आधी आपलंच तोंड दिसतं.

देवळामागची: सहावी गाठ ओली.
शाळेची: सात.
कोंसेसांव मावशीची: पाच, आणि प्रत्येकाला एक केळं.
ती म्हणाली, लग्नाच्या वर्षी माझी घागर पडली हिच्यात,
दिसते का बघा रे.
चौदा डोकी कठड्यावर वाकली.
मी फक्त मोजत होते
किती पाय जमिनीवर आहेत.

मार्चमध्ये काजूच्या भट्ट्या पेटल्या तेव्हा
सड्याखालच्या बांयीत दोरी सोडली
आणि दोरी संपली.
पंधरा गाठी. खाली चिरा
हवेत हेलकावे खात असणार, आवाज नाही.
विदिशाने वेणीची रिबन सोडली,
आग्नेलने कमरेचा पट्टा,
एका हाताने पँट धरून तो उभा राहिला,
तेव्हा कुठे खालून, डुबुक्.
कुणी हसलं नाही, आग्नेललासुद्धा.
"बाई, उदक खंय गेलें?"

वर सड्यावर नव्या बंगल्यांचे नऊ तलाव,
पुस्तकातल्या शाईसारखे निळे.

वहीत चार रकाने: तारीख, बांय, गाठ, कारण.
शेवटचा मी रिकामा ठेवला होता.
सोमवारी बघते तर पेन्सिलीने, अगदी फिकट:
रात्री दोन ते चार. पप्पाचा पंप. टँकर तीन.
रुद्रेशचा क ओळखू येतो, लंगडतो.
वर्गात तो मान खाली घालून
पट्टीने बाकावर रेघा मारत होता.
वीस गुणांच्या त्या पत्रकात
याला गुण द्यायला रकाना नव्हता.

परीक्षकांनी विचारलं, प्रतिकृती कुठे?
दोरी पुढे केली. त्यांनी वास घेतला,
मागे सरकले. बारा गुण.
पहिला नंबर थर्मोकोलच्या धबधब्याला गेला.

पालकसभेला रुद्रेशचे वडील आले.
वही नेमकी त्याच पानावर उघडी.
मला मिटता आली असती.
त्यांनी वाचलं. परत वाचलं.
त्या ओळीवर बोट ठेवलं, ग्रीसचं,
डाग अजून आहे.
मुलगा खिडकीतून बाहेरचे फणस मोजत होता,
तोंडाने, मोठ्याने, चुकत.
"अक्षर सुदारलां ताचें," एवढंच म्हणाले,
आणि चपला घालून निघून गेले.

पुढच्या शुक्रवारी सड्याखाली
रिबन लागली नाही, पट्टाही नाही.
तेराव्या गाठीशीच दोरी ओली.
आभाळ कोरडं ठक्क.
तेरा मुलं माझ्याकडे बघत होती,
रुद्रेश निथळणाऱ्या चिऱ्याकडे.
सर्वदाने पेन उघडलं,
कारणाच्या रकान्यावर जरा वेळ धरलं
आणि टोपण लावून
पुढच्या बांयीची वाट धरली.