एकशे एकतीस

शेलेफ्तेओ. मार्च संपत आला, दाराबाहेर बर्फ तसाच.
रोलरवर पट्ट्यांनी जखडलेली सदुसष्टची व्होल्व्हो
जागच्या जागी ताशी एकशे चाळीसने धावतेय.
गुनव्होर कानांवर हात दाबून उभी.

एस्बियोर्न थांबवतो. प्लग काढून उजेडात धरतो.
पांढराफटक.
"तहानलेली आहे अजून," म्हणतो, जेट बदलतो,
ठिणगी दोन अंश अलीकडे आणतो.
पुन्हा.

पडद्यावर रेघ चढत जाते,
सहा हजारांपाशी दमते, वाकते.
एकशे एकतीस.

भाऊ दीडशे सांगायचा.
दर नाताळला, तोंडात हेरिंगचा घास असताना,
दीडशे.

एस्बियोर्न कागद देतो, जरा ओशाळून:
"रोलरही गारठलेत म्हणा."

ती घडी घालून
त्याच्या तेलकट हातमोज्यांखाली सरकवते.
"लबाड," म्हणते,
आणि बॉनेटवर तळवा टेकवते,
ऊब आहे तोवर.