उद्देश, पाचशे शब्दांत

अमळनेरला, कोर्टामागच्या नेट कॅफेत
साडेसहापासून बसलोय.
फोटो पन्नास केबीत बसला,
सही वीस केबीत.
उद्देश काही बसेना.

सार्वजनिक आरोग्य हाच विषय का?
पाचशे शब्द. खाली आकडा उलटा पळतो.

लिहिलं : लहानपणापासून समाजसेवेची आवड.
खोडलं.
लहानपणी मला बोरीच्या डोहात
सूर मारायची आवड होती, बस.

आरोग्य सेवक म्हणून लागलो
तेव्हा हातात ओटीची बाटली दिली.
नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे,
पिवळं झालं तर ठीक,
नाही झालं तर सुपडूअण्णाला शोधायचं,
जो टाकीची किल्ली करदोट्याला बांधून
पारोळ्याला लग्नात जेवत असतो.

पुढचा रकाना : प्रकाशित लेखन.
टाकी धुतल्याची तारीख
गेरूनं भिंतीवर लिहितो मी, दर महिन्याला.
अक्षर चांगलंय म्हणतात लोक.
निरंक.

पुढचा : आपल्या एका अपयशाचं वर्णन करा.

गेल्या आषाढात गावाला जुलाब लागले.
वहीच्या मधल्या पानावर गाव काढलं,
रुग्ण तिथं टिंब.
टिंबं गोळा झाली खालच्या गल्लीत,
जुन्या आडाभोवती,
जो मी तोंडी बंद केला होता.
बेबाबाई म्हणाली होती तेव्हा,
"भाऊ, तुमना नळना पानीले
दवाखानाना वास येस."
मी हसलो.
रजिस्टरात लिहिलं : समज दिली.

बेचाळिसावं टिंब तिचं.
अहवालात फक्त, मृत्यू एक.
पापड लाटायची, हे लिहायला रकाना नव्हता.

दहाव्याला तिची सून
चहा गाळता गाळता बोलून गेली,
हंडा घटकाभर उघडा ठेवला
तर उडून जातो म्हणे वास.
आम्हाला कुठं माहीत होतं.
मला तरी कुठं होतं?
सात वर्षं पावडर कालवतोय मी,
पाणी कधी हुंगलं नाही.

डॉक्टर माळींचं शिफारसपत्र जोडलं.
कष्टाळू, नम्र, वक्तशीर.
वक्तशीर या शब्दावर
माउस बराच वेळ थांबला.

"साहेब, आठला लाइट जाईल,"
मोहसीन म्हणतो, "सेव्ह करून ठेवा."

लिहिलं :
मला त्या वासाविषयी शिकायचं आहे.
शिल्लक, चारशे पंच्याण्णव.

बाकीचं उद्या. मुदत रविवारपर्यंत आहे.
आता स्टँड गाठायला हवं, सव्वाआठची शेवटची गाडी.
पिशवीत खालच्या गल्लीतल्या पाण्याचा नमुना आहे,
सकाळी जळगावच्या प्रयोगशाळेत द्यायचाय
आणि डब्यातला बर्फ
केव्हाचा वाजेनासा झालाय.