मुका हातोडा

मागांच्या खडखडाटात टीव्ही ऐकू येत नाही,
म्हणून आम्ही लिलाव नुसता बघतो.
एक पाटी वर, दुसरी पाटी वर,
सुटातला कुणीतरी कपाळाला बोट लावून विचार करतोय,
मग हातोडा पडतो, मुका.
खालच्या पट्टीवर आकडा: अकरा कोटी पंचवीस लाख.
वीरेश कांडी बदलायची सोडून बोटं मोजायला लागतो
आणि तेवढ्यात सहा नंबरच्या मागावर ताणा तुटतो.

"बावीस वर्षांचं पोरगं हाय!" तो माझ्या कानात ओरडतो.
आमच्याकडं सगळं ओरडूनच सांगायचं असतं.
मुलगी झाली, हेसुद्धा मला असंच कळलं होतं.

मग लाइट गेली.
अक्कलकोट रोडला लाइट जाते तेव्हा
आधी कानात एक भोक पडतं,
मग चिमण्या ऐकू येतात, मग माणसं.
बोमड्याल शेठ केबिनबाहेर आले,
पंख्याशिवाय त्यांना बसवत नाही.
"जास्त कसले वो? बाजार हाय.
लोक बघतात म्हणून मिळतंय.
तुमचा टॉवेल कोण बघतंय?"

खरं तर मी बघतो.
सीमारेषेजवळ तो घाम पुसायला येतो
तेव्हा त्याचा चेहरा मला दिसतच नाही,
मी टॉवेलची लव बघतो, काठाची नक्षी,
शिवण कुठून धरलीय ते.
एकदा वाटलं, आपलाच. चौदा नंबरच्या मागावरचा.
कुणाला सांगितलं नाही.
टॉवेल काय, टॉवेलसारखाच असतो.

नागमणीचं मत पक्कं आहे: जास्त.
मांडीवर सूप, सुपात पानं, दोरा, कात्री,
हजार विड्या झाल्या की तिचा दिवस होतो.
परवा मी कागद घेऊन बसलो,
अकरा कोटींच्या विड्या किती होतात बघायला,
तर म्हणाली, "ठेवा तो पेन.
तेवढी पानं जंगलात नाहीत."

आणि तरी मला तोंड भरून 'जास्त' म्हणवत नाही.

नऊ वर्षं खो-खो खेळलो मी, जिल्ह्याकडून.
खांबावर अंग झोकून द्यायचो तेव्हा
मैदानाच्या कडेचे भेळवाले
हातातला कांदा तसाच ठेवून बघायचे.
लोक बघत होते, शेठ.
मिळालं ते भिंतीवरचं घड्याळ,
त्यात आकड्यांपेक्षा नगरसेवकाचं नाव मोठं.
ते सहा मिनिटं पुढं चालतं,
आणि हा डावा गुडघा, मागं.
डॉक्टरनं दाबून बघितला, विचारलं, "खेळाडू होता काय?"
आवाजात मान होता.
फी पूर्ण घेतली.

त्या पोराचाही गुडघाच आहे शेवटी.
मिळू दे त्याला, दुखायला लागायच्या आत.

फक्त मला ती रांग आठवते.
एकाचं तोंड इकडं, एकाचं तिकडं,
आठजण उकिडवे, टाचा उचललेल्या,
नववा पळतोय
आणि आपणहून उठलं तर फाउल.
मागून कुणी खो दिला तरच.
यल्लप्पा आता रिक्षा चालवतो.
म्हेत्रे गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याची तिकिटं फाडतो,
उरलेले अकरा महिने काय करतो, विचारलं नाही.
काशिनाथ सगळ्यांत चपळ होता,
तो कुठं आहे ते त्याच्या भावालाही माहीत नाही.

लाइट आली.
चोवीस माग एकदम बोलायला लागले.
टीव्हीवर दुसरं पोरगं, दुसरा आकडा.
वीरेशनं लांबून बोटं दाखवली,
सात की सतरा, कापसाच्या धुळीत कळलं नाही.
मी कांड्यांच्या खोक्यावर टेकलो होतो.
चहावाल्या पोरानं मागून पाठीला हात लावला
आणि मी उठलो, ताडकन, अजूनही,
गुडघ्याला न विचारता.