सोडल्याची तारीख

निकेश मडावी आला तेव्हा लाइट नुकतीच आली होती.
चप्पल बाहेर काढली त्यानं,
माझ्या सेतू केंद्रात कुणी काढत नाही.
"ताई, पीएफ काढून द्या. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन हाये."

पोर्टल फिरत राहिलं. घाटंजी रोडनं
कापसाची एक गाडी गेली, मागून दुसरी.
मग उघडलं: चार वर्षं, तीन कंपन्या.
"तीन कुठच्या? मी तं एकाच गेटातून जात होतो.
मशीनबी एकच. पिवळी.
अकरा महिने झाले का कार्ड जमा,
बारा दिवस खोलीवर पडून राहाचं,
मंग नवा ठेकेदार, नवा फोटो, तीच मशीन."

पदनाम: हेल्पर.
खाली पुन्हा हेल्पर.
खाली पुन्हा.
"नव्या पोट्ट्याइले मीच शिकवत होतो ना पण."
मी माउस वरखाली केला.
शिकवण्याचा रकाना नव्हता.

सोडल्याची तारीख: रिकामी.
ती भरल्याशिवाय पैसा हलत नाही.
आपली आपण भरता येते,
पण नोंदीतला मोबाइल नंबर ठेकेदाराचा.
मी बटण दाबलं.
चाकणात कुणाच्या तरी खिशात ओटीपी वाजला असेल.
आम्ही दोघं दहा मिनिटं
स्क्रीनवरचे उलटे आकडे बघत बसलो.

"कागदावर तू अजून ड्युटीवरच आहेस," मी म्हटलं.
तो हसला. "मंग हजेरी तं लागत असन?"

मागे बाकावर दोन पोरं होती, आयटीआयची,
हातात मोबाइल, मोबाइलवर जाहिरात:
राहणं-जेवण, बस फ्री, पर्मनंटची संधी.
ठेकेदाराचं नाव मी ओळखलं.
निकेशनंही.
मला वाटलं, आता हा बोलेल. मलाही बोलायचं होतं,
पण एका अर्जामागे मला तीस रुपये सुटतात
आणि दुकानाचं भाडं पाच तारखेला असतं.

त्यानं चपलेत पाय घातले. उंबऱ्यावरून वळला.
"प्रेस शॉपमधी गेले तं
शेवटची पिवळी मशीन भेटन.
तिचा डावा पाय हालते. खाली मी पुठ्ठा देला हाये.
दर दोन महिन्यानं बदलत जाजा,
नाई तं बोट जाते."

पोरांनी मान हलवली.
मी विचारलं, पांढरं बॅकग्राउंड की निळं?